घरातलं 'रविवर्मा' अस्सल आहे का, हे तपासायचं कसं?

मुक्ता_वाईकर
मंडळी, मदत हवी आहे. आजोळचा वाडा पाडायला काढलाय. सामानाची वाटणी बऱ्यापैकी गोडीत चालली होती, पण माजघरातल्या एका चित्रापाशी गाडी अडली. हंस-दमयंती. लाल साडीतली दमयंती आणि तिच्याशी बोलणारा हंस. लहानपणापासून आम्ही त्याला 'रविवर्मा' म्हणतो. उजव्या कोपऱ्यात काहीतरी सही आहे, नीट लागत नाही.

मोठे मामा सांगतात, पणजोबा बडोदे सरकारात होते, निवृत्त होताना महाराजांनी हे बक्षीस दिलं. धाकटे मामा म्हणतात, "दादाचं काहीतरीच, हे पुण्याहून विकत आणलेलं." मध्यंतरी जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ येऊन गेले. "छापील आहे हो, पण फ्रेम बरी आहे म्हणून पंचाहत्तर हजार देतो," म्हणाले. छापील चित्राला पंचाहत्तर हजार? तिथेच मोठ्या मामांचे कान टवकारले. आता ते म्हणतात, हे रविवर्म्याचं हरवलेलं मूळ चित्र आहे.

घरच्या घरी काय बघता येईल? पुढे कुणाकडे जायचं? आणि अस्सल निघालंच तर कायद्याची काही भानगड आहे का? न्यू जर्सीच्या मावशीला ते 'आठवण म्हणून' हवंय.

आंबट_चिंच
मावशीची आठवण एकदम महागात जाणार बहुतेक. २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात 'यशोदा-कृष्ण' ३८ कोटींना गेलं होतं.

पंत_शनवारातले
मामांना सांगा, वाटणीत चित्र नको, नुसती चौकट द्या. पंचाहत्तर हजार सुटतील.

शिळाप्रेस
मुक्ताताई, पहिली पायरी अगदी सोपी आहे. चांगलं भिंग घ्या, निदान दहापट मोठं दाखवणारं. चेहरा आणि हात बघा. महाराष्ट्रातल्या घरांत ज्याला 'रविवर्मा' म्हणतात ती बहुतांश वेळा शिळाछापाची चित्रं असतात. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. पहिलं छापलेलं चित्र शकुंतला जन्माचं. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छपाई. म्हणून भिंगातून कातडीचा रंग सलग दिसत नाही. बारीक बारीक ठिपके दिसतात, गुलाबी, पिवळे, तपकिरी, एकमेकांत मिसळलेले. कुंचल्याने रंगवलेलं असेल तर फटकारे दिसतील, कडेला रंगाचा उंचवटा दिसेल.

हात फिरवून मात्र ठरवू नका. छापील चित्रांवर व्हार्निश लावायचे, वर कापडाच्या विणीसारखा दाबही द्यायचे, म्हणजे ते तैलचित्र वाटावं. शंभर वर्षांपूर्वी लोक फसायचे, आजही फसतात.

खालच्या कडेला छापखान्याचं नाव असतं. पण फ्रेम करणाऱ्याने ती पट्टी कापलेली किंवा चौकटीखाली दडवलेली असते. चौकट काढल्याशिवाय 'नाव नाही' असं म्हणू नका. आणि साडीवर जर किंवा टिकल्या चिकटवलेल्या असतील तर तोही छापील चित्राचाच थाट. घरच्या बायका हौसेने करायच्या.

सई_ठाणे
हो! आमच्या आत्याकडच्या लक्ष्मीला खऱ्या जरीचा काठ लावलेला आहे. तिला ते विकायचं सुचवलं तर ती आम्हालाच विकेल.

मुक्ता_वाईकर
शिळाप्रेस, खूप आभार. मुलाचं भिंग घेऊन बसले. ठिपके नाहीत! पदराच्या घडीवर रंग जाड लागलाय, नख अडकतं. कडेला एका ठिकाणी रंग उडालाय तिथे खाली कापडाची वीण दिसते. मागून लाकडी पट्ट्यांवर खिळ्यांनी ताणलेलं कापड आहे. मोठ्या मामांनी पेढे आणलेत.

पंत_शनवारातले
मी वाईला निघालोय. पेढे ठेवा.

नीरजा_संवर्धन
पेढे खाऊन घ्या, कारण माझं लिहिणं कडू लागेल. चित्रांच्या डागडुजीचं काम करते, म्हणून अधिकाराने नव्हे पण अनुभवाने लिहिते.

छापील नाही एवढंच सिद्ध झालं. रविवर्म्याचं आहे, हे त्यातून येत नाही. मळवलीची छापील चित्रं घरोघर गेल्यावर त्यांच्यावरून तैलचित्रं रंगवणाऱ्यांची मोठी फौज उभी राहिली. संस्थानी चित्रकार, शाळेतले ड्रॉइंग मास्तर, नाटकाचे पडदे रंगवणारे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून गावी परतलेले. यात लबाडी नव्हती. लोकांना रंगवलेलं चित्र हवं असायचं, मास्तर रंगवून द्यायचे. लबाडी पुढच्या पिढीत येते, कोपऱ्यात सही टाकली जाते तेव्हा.

क्रमाने काय बघाल ते सांगते. आधी पाठ. चित्राचं तोंड सगळेच बघतात, खरं बोलते ती पाठ. कापडावर रंगसाहित्य विकणाऱ्याचा शिक्का आहे का, चौकटीवर फ्रेमवाल्याची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेले आकडे, जुन्या प्रदर्शनाची चिकटपट्टी. प्रत्येकाचा फोटो काढा, काहीही खरवडू नका. मग अतिनील प्रकाश. अंधारात त्या दिव्याखाली जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर घातलेला रंग काळसर डागासारखा उठतो. सही जर व्हार्निशच्या वर तरंगताना दिसली तर संशय घ्यायलाच हवा. त्यानंतर रंगद्रव्यं. पांढऱ्या रंगात टायटॅनियम सापडलं आणि तो भाग नंतरची डागडुजी नसेल, तर रविवर्म्याचा प्रश्न मिटला. ते १९०६ मध्ये गेले आणि टायटॅनियमचा पांढरा चित्रकारांच्या हातात आला १९२०च्या सुमारास.

एक लक्षात ठेवा. प्रयोगशाळा 'नाही' ठामपणे सांगते. 'हो' सांगत नाही. 'काळाशी विसंगत काही आढळलं नाही', इतकंच म्हणते.

आणि कृपा करून बटाटा, कांदा, पाव, ओला फडका यातलं काहीही चित्रावर फिरवू नका. यूट्यूबवर कुणी काहीही दाखवो.

आंबट_चिंच
कांदा?!

नीरजा_संवर्धन
हो. आणि नंतर आमच्याकडे येतात, मुंग्यांसकट.

डॉ_खवचट
हे सगळं ठीक, पण शेवटी एखादा तज्ज्ञ बघतो आणि बोट ठेवतो, तेच चालतं ना? 'साल्वातोर मुंडी' या चित्राचं काय झालं? २००५ मध्ये अमेरिकेत साधारण हजार डॉलरला घेतलेलं, २०१७ मध्ये लिओनार्दोचं म्हणून पंचेचाळीस कोटी डॉलर. आणि वाद अजून चालूच आहे.

किडा_वाचनाचा
खवचट डॉक्टर, ते उदाहरण नेहमी येतं, पण मला त्याहून चिमाबुएचं आवडतं. फ्रान्समध्ये कॉम्पिएन्य गावात एका वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या भिंतीवर लहानसं लाकडी चित्र टांगलेलं होतं, येशूची विटंबना. घरच्यांना वाटायचं जुनी धार्मिक प्रतिमा आहे. २०१९ मध्ये घर रिकामं करताना लिलाववालीचं लक्ष गेलं. तेराव्या शतकातल्या चिमाबुएच्या एका विखुरलेल्या चित्रमालेतले दोन तुकडे लंडनला आणि न्यूयॉर्कला आहेत, हा तिसरा. कशावरून? इतर गोष्टींबरोबर किड्यांवरून! लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची भोकं या फळीतून त्या फळीत जुळली. मूळ फळी एकच होती, किड्यांना चित्राच्या किमतीशी देणंघेणं नव्हतं. लिलावात दोन कोटी चाळीस लाख युरो.

तज्ज्ञाचं बोट चुकतं हेही खरं. व्हॅन गॉगचं 'मोंमाजूरचा सूर्यास्त' नॉर्वेत एकाने घेतलं, नकली आहे असं कुणी सांगितलं म्हणून माळ्यावर गेलं. १९९१ मध्ये मालकांनी ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाला विचारलं, उत्तर नकार. त्याच संग्रहालयाने २०१३ मध्ये तेच चित्र अस्सल म्हणून जाहीर केलं. मधल्या काळात चित्र बदललं नव्हतं. रंग आणि कापड त्याच उन्हाळ्यातल्या दुसऱ्या चित्राशी जुळले, जुलै १८८८च्या पत्रात त्या जागेचं वर्णन मिळालं, आणि पाठीवरचा १८० हा आकडा त्याच्या भावाच्या, थिओच्या संग्रहाच्या यादीशी जुळला. बघा, पुन्हा पाठ.

ऑस्लोची_माणिक
नॉर्वे वाचून राहवलं नाही. इथल्या रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये हुसेन टांगलेला होता. पंढरपुरात जन्मलेले आपले हुसेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीला गेलेल्या एका डॉक्टरने १९५४ मध्ये चौदा फुटांच्या आसपास लांबीचं 'ग्राम यात्रा' घेतलं, पुढे ते ऑस्लोच्या रुग्णालयाला दिलं. स्ट्रेचर ढकलणारे लोक वर्षानुवर्षं त्याच्या समोरून गेले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ११८ कोटी रुपयांना गेलं. पण ते 'हरवलेलं' म्हणता येत नाही. कुणी घेतलं, कधी, कुणाला दिलं, सगळं सलग माहीत होतं. म्हणूनच कुणी शंका काढली नाही.

करवीरकर
तुमचं रविवर्मा राहू द्या, आमच्या कोल्हापुरात या. इथे प्रत्येक जुन्या घरात एक 'आबालाल' आहे. आबालाल रहिमान, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, जे. जे.त शिकून आले आणि कोटितीर्थ तळ्याच्या काठी फकिरासारखे राहिले. पाण्यावरचं ऊन रंगवावं तर त्यांनीच. महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा म्हणे दुःखाने त्यांनी आपली चित्रं तळ्यात बुडवली. किती बुडवली याचा आकडा प्रत्येक चहाच्या टपरीवर वेगळा मिळतो. ते स्वतः गेले १९३१ मध्ये. त्यामुळे आज कुणाच्या माळ्यावर तळ्याचं चित्र सापडलं की घरातले म्हातारे सांगतात, 'हे त्या बुडालेल्यांतून वाचलेलं.' माझ्या एका मित्राकडेही आहे. चित्र खरंच सुंदर आहे हो, खोटं नाही बोलत.

नीरजा_संवर्धन
करवीरकर, त्या चित्राला टायटॅनियमची कसोटी एकटी पुरणार नाही, आबालाल १९३१ पर्यंत होते. तुमच्या मित्राला ही सवलत.

डॉ_खवचट
करवीरकर, एक प्रश्न. बुडवलेल्या चित्रांची यादी कुणी केली होती का? नसेल तर ती दंतकथा म्हणजे नकलाकाराला दिलेला कोरा धनादेश आहे. यादीच नाही म्हटल्यावर कुठलंही चित्र 'त्यातलंच' होऊ शकतं.

करवीरकर
दंतकथा म्हणू नका. आमच्या आजोबांनी त्यांना डोळ्यांनी पाहिलंय.

डॉ_खवचट
चित्रं बुडवताना?

करवीरकर
तळ्याकाठी बसलेलं. पण म्हणून बाकीचं खोटं ठरत नाही.

किडा_वाचनाचा
खवचटांचा मुद्दा मात्र नेमका आहे. जर्मनीतल्या बेल्ट्राकी नवरा-बायकोने नेमकं हेच केलं. जुन्या प्रदर्शनांच्या याद्यांत ज्यांचं नाव आहे पण छायाचित्र नाही, अशी चित्रं नवरा हुडकायचा, स्वतः रंगवायचा आणि 'सापडवायचा'. बायको सांगायची, आजोबांच्या संग्रहातली आहेत. पुराव्यासाठी तिने आजीसारखे कपडे घालून, मागे चित्रं टांगून, जुन्या कागदावर फोटो काढला होता. शेवटी पकडले कशामुळे गेले? १९१४ सालच्या म्हणून विकलेल्या चित्रात टायटॅनियम पांढरा निघाला. रंगाच्या नळीवर लिहिलेलंच नव्हतं की आत टायटॅनियम आहे.

मुक्ताताई, मोठ्या मामांच्या गोष्टीकडे त्याच नजरेने बघा. त्यांच्यावर संशय नाही. पण गोष्ट आणि कागद वेगळे.

मुक्ता_वाईकर
किडा, हे मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बडोद्याला जाऊन विचारा त्या किड्याला."

शिळाप्रेस
बडोद्यावरून एक विचारतो. पणजोबा बडोद्याहून निवृत्त कधी झाले? सयाजीरावांसाठी रविवर्म्यांनी जी पौराणिक चित्रं केली ती १८९०च्या आसपासची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा दालनातलं प्रसिद्ध हंस-दमयंती १८९९चं आहे.

मुक्ता_वाईकर
पेन्शनच्या कागदावर १८९२ आहे. अरे देवा.

आंबट_चिंच
मामांनी पेढे परत केले का?

मुक्ता_वाईकर
मामा म्हणतात, एकच विषय चित्रकार पुन्हा पुन्हा रंगवतो, आधीही रंगवलं असेल.

शिळाप्रेस
ते खरं आहे, रविवर्म्यांनी स्वतःच्या चित्रांच्या आवृत्त्या केल्या आहेत. शिवाय धाकटे भाऊ राजराजा वर्मा त्यांच्याबरोबर काम करायचे, पार्श्वभूमी बऱ्याचदा त्यांच्या हातची. म्हणजे 'रविवर्म्याचा हात' म्हणजे नक्की कुणाचा, हाही प्रश्न उरतोच. राजराजांची इंग्रजी रोजनिशी छापून उपलब्ध आहे. कुणाला भेटले, काय रंगवायला घेतलं, कुठे मुक्काम. पणजोबांचं नाव शोधा, नाही मिळालं तर निदान मामांचं समाधान.

विदर्भवासी
अवांतर : रविवर्म्याच्या देवींना नऊवारी कुणी नेसवली यावर एक वेगळा धागा हवा. दक्षिणेतले लोक आमच्या देव्या मराठी केल्या म्हणून नाराज असतात.

सई_ठाणे
अवांतराला अवांतर : गायिका अंजनीबाई मालपेकर त्यांच्या चित्रांसाठी बसल्या होत्या असं सांगतात ना? म्हणजे अर्ध्या लक्ष्म्या गोव्याच्या!

पंत_शनवारातले
आणि दादासाहेब फाळकेही काही काळ रविवर्मा छापखान्यात होते. एका छापखान्यातून देवघरं पण भरली आणि सिनेमागृहं पण.

विदर्भवासी
पंत, पहिल्यांदाच तुमचा पेढ्याविना प्रतिसाद वाचला.

वकील_दुपारचे
कायद्याचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. १९७२चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा. त्यात काही दिवंगत चित्रकारांची चित्रं 'कलानिधी' म्हणून जाहीर झाली आहेत. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ आणि अवनींद्रनाथ-गगनेंद्रनाथ हे ठाकूर, शैलोज मुखर्जी, निकोलस रोरिक. देशात विकता येतात, देशाबाहेर नेता येत नाहीत. त्याशिवाय शंभर वर्षांहून जुनं कुठलंही चित्र 'पुरावशेष' ठरतं. म्हणजे चित्र रविवर्म्याचं असो की मास्तरांचं, शंभरी ओलांडली असेल तर मावशीच्या सुटकेसमध्ये जाणार नाही. नोंदणीबद्दल पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारा. शंभरीच्या आतलं असेल तरी विमानतळावर वाद घालण्याआधी खात्याकडून 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र घ्या.

मुक्ता_वाईकर
मावशीला कळवलं. ती म्हणाली, मग मला पितळी डबे द्या.

गॅलरीबाहेरचा
सगळे तपासणीवर बोलताहेत, बाजारावर कुणी बोलत नाही. आपल्याकडे बहुतेक चित्रकारांची सगळी चित्रं एकत्र नोंदवलेली अशी यादीच नाही. मग प्रमाणपत्र देतो कोण? बऱ्याचदा जो विकतो तोच, किंवा त्याचा स्नेही. २००९ मध्ये सय्यद हैदर रझा दिल्लीत स्वतःच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले आणि भिंतीवर बघतात तर बरीचशी चित्रं त्यांची नव्हतीच. माणूस हयात होता म्हणून बोलला. जो बोलू शकत नाही त्याचं काय? २०११ मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली चित्रं खोटी निघाली. सरकारी ठिकाणी, जाणकारांच्या नाकाखाली.

मी स्वतः एका विक्रेत्याकडे वडिलांनी घेतलेलं निसर्गचित्र दाखवलं होतं. आधी म्हणाला 'नकली'. मी उचलून निघालो तर दारापर्यंत आला, 'ठेवून जा, बघतो काहीतरी.' तुमच्या पंचाहत्तर हजारवाल्यासारखाच. तेव्हा विकत घेणाऱ्याकडून मत घ्यायचं नाही, हा पहिला नियम. मत देणाऱ्याला पैसे द्या, पण चित्रात त्याचा वाटा नको.

नीरजा_संवर्धन
+१. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा. बंगळूरला रविवर्म्यांच्या नावाचं वारसा प्रतिष्ठान आहे, त्यांच्याशी पत्रव्यवहार करा. दोन्हीकडे पाठीचे फोटो आधी पाठवा.

आणि एक करून बघा. याच चित्राची छापील आवृत्ती मिळवून शेजारी ठेवा. तुमचं चित्र छापील प्रतीशी रेघेरेघेने जुळत असेल, कडेला जिथे छपाईत चित्र कापलं गेलंय तिथेच तुमचंही संपत असेल, तर ते छापील चित्रावरून रंगवलेलं आहे असं समजा. मूळ चित्रकार स्वतःची आवृत्ती करताना काहीतरी हलवतोच. हाताची बोटं, साडीची घडी. नक्कल करणारा घाबरून काहीच हलवत नाही.

मुक्ता_वाईकर
बरेच दिवस लिहिलं नाही, वाडा रिकामा करण्यात गेले. आता सांगते.

छापील प्रत सईच्या ओळखीतून मिळाली (सई, आत्याला नमस्कार). शेजारी ठेवली. रेघ न् रेघ तीच. डावीकडे जिथे छापील चित्र संपतं, तिथेच आमचंही. रंग मात्र वेगळे, आमची साडी जास्त विटकरी. मागे पुण्याच्या फ्रेमवाल्याची अर्धी फाटलेली चिठ्ठी, साल गेलंय. अतिनील दिव्याखाली अजून बघितलेलं नाही, ते मुंबईला नेल्यावर.

दुसरी गोष्ट, पणजोबांच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या, मोडी आणि बाळबोध मिसळलेल्या. १९११च्या वहीत एक ओळ : 'ड्रॉइंग मास्तरांस चित्राबद्दल रु. १२'. धाकटे मामा उड्या मारताहेत. मोठे मामा जेवले नाहीत.

डॉ_खवचट
मोठ्या मामांच्या बाजूने मी बोलतो आता. नोंद चित्राची आहे, पण याच चित्राची कशावरून? मास्तरांनी पणजोबांची तसबीर काढली असेल, गणपती काढला असेल. जो निकष बडोद्याच्या गोष्टीला लावला तोच इथेही लावा.

मुक्ता_वाईकर
मामांना वाचून दाखवलं. जेवायला बसले. तुम्हाला वाईला यायचं आमंत्रण आहे.

पंत_शनवारातले
आणि मला?

करवीरकर
मास्तर कोण होते ते शोधा ना ताई. त्या काळात सातारा-वाईच्या शाळांत जे. जे.ची परीक्षा दिलेले मास्तर असायचे, शाळेच्या जुन्या हजेरीपटात, वार्षिक अहवालात नाव सापडेल. त्यांच्या नातवंडांकडे अजून चित्रं असतील. विटकरी रंगाची सवय जुळते का बघा. मला तर हे रविवर्म्यापेक्षा जास्त शोधावंसं वाटतंय.

नीरजा_संवर्धन
मलाही. सहीचा जवळून फोटो टाका. 'रविवर्मा' वाचायचं ठरवून बघू नका, जे अक्षर दिसतं ते सांगा.

मुक्ता_वाईकर
पहिलं अक्षर 'ग' असू शकतं. किंवा 'र'. मुंबईहून आले की टाकते.

हौशी_नवीन
प्रतिसाद वाचले नाहीत, शीर्षक बघून लिहितोय. रविवर्मा सगळी छापीलच असतात, वेळ घालवू नका. आमच्याकडे तीन आहेत, एकावर तर जर पण लावलीय. कुणाला हवी असल्यास सांगा, रंगकाम काढलंय, भंगारात देणार आहे.

शिळाप्रेस
थांबा!! भंगारवाल्याला फोन करू नका. तिन्हीच्या खालच्या कडेचे फोटो आधी टाका.